‘तुमचे देव तीन ना?’



नोव्हेंबर-डिसेंबरात आपल्या बेळगावात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्यामुळे या दिवसांत चर्चची संध्याकाळची घंटा आणि मगरिबच्या नमाजाची अजान जवळजवळ एकाच वेळी कानावर येतात. घंटा झाली की आपण देवदूताच्या संदेशाची प्रार्थना म्हणतो आणि देवाचा शब्द देहधारी झाला हे आठवतो. तिकडे अजान देणारा सांगत असतो की देव सर्वांहून थोर आहे आणि त्याच्याशिवाय दुसरा देव नाही. दोन्ही हाका आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण त्या दोघींचा एकमेकींशी काय संबंध, हा प्रश्न आपल्यापैकी किती जणांनी स्वतःला विचारला असेल?

आम्हालाही तो प्रश्न एका मुलामुळे पडला. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात दृढीकरणाची तयारी करणारा, आठवीत शिकणारा हा मुलगा. वर्ग सुटल्यावर तो मागे रेंगाळला आणि म्हणाला, “सर, शाळेत डबा खाताना माझा मित्र मला म्हणाला, ‘तुमचे देव तीन ना रे? आमचा एकच.’” आम्ही विचारले, “मग तू काय सांगितलंस?” तो म्हणाला, “हो म्हटलं. तीन. मग दुसरा एक जण म्हणाला, मरियामाता धरून चार.”

क्षणभर आम्हाला हसू आले, पण ते लगेच मावळले. दहा वर्षे रोज सकाळ-संध्याकाळ क्रुसाची खूण करणारा, दर रविवारी मिस्साला येणारा मुलगा सहज सांगून गेला की आमचे देव तीन. त्याला दोष कसा देणार? आम्हीच त्याला शिकवले होते. तीन पाकळ्यांचे पान, त्रिकोण, ढगावर बसलेले पांढऱ्या दाढीचे आजोबा, शेजारी येशू आणि वर कबुतर, असली चित्रे आम्हीच फळ्यावर काढली होती. त्रैक्यातला ‘त्रै’ मुलांच्या डोक्यात पक्का बसला आणि ‘ऐक्य’ तिथेच फळ्यावर पुसले गेले.

म्हणून आज आम्ही मुसलमान बांधवांच्या एका श्रद्धेविषयी लिहीत आहोत. तिला ते तौहीद म्हणतात. आमचे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. ही श्रद्धा आपण नीट समजून घेतली पाहिजे. शेजारधर्म म्हणून ती समजून घ्यावीच, पण त्याहून मोठे कारण असे की तिच्यासमोर उभे राहिल्यावर आपण स्वतः काय विसरलो आहोत ते आपल्याला दिसते.

तौहीद म्हणजे देवाला एक मानणे, एक म्हणून त्याची साक्ष देणे आणि त्या एकाचीच उपासना करणे. ‘देवांची संख्या किती? एक’ एवढ्यावर तो विचार संपत नाही. कुराणातला 112 वा अध्याय फक्त चार वाक्यांचा आहे. लहान मुसलमान मुलेही तो पाठ म्हणतात. त्याचा आशय असा की देव एक आहे, तो कोणावर अवलंबून नाही पण सगळे त्याच्यावर अवलंबून आहेत, त्याने कोणाला जन्म दिला नाही आणि तो कोणापासून जन्मला नाही, आणि त्याच्या तोडीचे कोणीही नाही. या अध्यायाचे नाव ‘इख्लास’, म्हणजे निर्मळ, भेसळ नसलेली निष्ठा. देव एक आहे हे नुसते जाणणे पुरेसे नाही, मनही त्या एकाचेच असले पाहिजे, असा त्या नावाचा रोख आहे.

या श्रद्धेची किंमत पहिल्या मुसलमानांनी मोजली. बिलाल हा मक्केतला हबशी गुलाम. त्याच्या मालकाने त्याला दुपारच्या तापलेल्या वाळूवर उताणे निजवले, छातीवर मोठा दगड ठेवला आणि जुन्या देवतांचे नाव घे म्हणून छळले. तो एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, ‘अहद, अहद’, म्हणजे एक, एक. मुस्लिम परंपरा ही कथा मोठ्या आदराने सांगते. पुढे याच बिलालने पहिली अजान दिली. आपण संध्याकाळी ऐकतो त्या हाकेच्या मुळाशी एका छळ सोसलेल्या गुलामाचा आवाज आहे. रोमच्या सम्राटाला धूप जाळण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या रक्तसाक्ष्यांची आठवण ठेवणाऱ्यांना हा आवाज परका वाटू नये.

तौहीदच्या उलट जे आहे त्याला शिर्क म्हणतात. शिर्क म्हणजे भागीदारी, देवाच्या जागेत दुसऱ्या कोणाला वाटेकरी करणे. इस्लाममध्ये याहून मोठे पाप नाही. आणि शिर्क फक्त मूर्तीपुढेच होतो असेही ते मानत नाहीत. त्यांच्या परंपरेत ‘रिया’ नावाच्या एका लहान, छुप्या शिर्काबद्दल सावध केले आहे. रिया म्हणजे लोकांनी पाहावे म्हणून केलेली भक्ती. कोणी पाहत आहे हे कळल्यावर माणूस नमाज जरा लांबवतो, तेव्हा त्या नमाजात त्याने पाहणाऱ्याला देवाचा भागीदार केलेले असते. हे वाचताना आम्हाला मत्तयच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय आठवला. तिथे येशू सांगतो की दान करताना कर्णा वाजवू नका आणि दार लावून घेऊन प्रार्थना करा.

आता हा आरसा आपल्याकडे वळवून पाहू या. सणाच्या दिवशी देणगीदारांची नावे ध्वनिक्षेपकावर वाचली जातात, आणि एखादे राहिले तर आठवडाभर अबोला धरला जातो. बाकावर कोणाच्या आजोबांचे नाव कोरायचे यावर बैठका होतात. ‘नऊ बुधवार नोव्हेना केली तरी काम झाले नाही, आता त्या दुसऱ्या संताकडे जाऊन बघते,’ असे आपण बोलतो, जणू एका कचेरीत काम झाले नाही म्हणून दुसरीची पायरी चढत आहोत. संत पौलाने कलस्सैकरांना लिहिताना लोभालाच मूर्तिपूजा म्हटले आहे (3:5). ते वाक्य आपण वाचतो, पण ते दुसऱ्यासाठी लिहिले आहे असे धरून चालतो. देव एक आहे हे तोंडाने आपणही म्हणतो. याकोबाचे पत्र (2:19) आपल्याला सावध करते की तेवढे तर भुतेही मानतात आणि थरथर कापतात. आपण तर बहुधा थरथरतही नाही.

मरियेबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. वर्गातल्या मुलाला कोणी ‘मरिया धरून चार’ म्हटले, तो प्रश्न नवा नाही. कुराणाच्या पाचव्या अध्यायात असा प्रसंग आहे की देव येशूला विचारतो, मला सोडून तुम्हा मायलेकरांना देव माना असे तू लोकांना सांगितलेस का? आणि येशू ते नाकारतो. आपले उत्तर काय? आपणही नाकारतो. मरिया देव नाही. ती निर्माण केलेली मनुष्य आहे, प्रभूची दासी आहे, देवाच्या पुत्राची आई आहे. आराधना फक्त देवाची. मरियेचा आणि संतांचा आपण सन्मान करतो आणि आमच्यासाठी विनंती करा असे त्यांना म्हणतो. ख्रिस्तसभेने हा भेद नेहमीच केला आहे. पण आपल्या वागण्यात तो शेजाऱ्याला दिसतो का? दिसत नसेल तर त्याने गैरसमज करून घेतला असे म्हणून सुटता येणार नाही.

मग पुत्राचे काय? इथे आपला आणि मुसलमानांचा रस्ता खरोखर वेगळा होतो. पण तो कुठे वेगळा होतो हे नेमके कळले पाहिजे, नाहीतर आपण भलत्याच ठिकाणी भांडत बसू. देवाला जोडीदारीण नसताना पुत्र कसा, असे कुराण विचारते. मक्केतले लोक तेव्हा लात, उज्जा आणि मनात या देवींना देवाच्या मुली म्हणत. देवाला माणसासारखा संसार आहे, ही कल्पना कुराण मोडून काढते. अशा अर्थाने देवाला पुत्र आहे असे ख्रिस्ती श्रद्धेने कधीच म्हटलेले नाही. 1215 साली रोममध्ये भरलेल्या चौथ्या लॅटरन परिषदेने तर असे शिकवले की देवाचे जे एकमेव देवपण आहे ते स्वतः जन्म देत नाही आणि जन्मही घेत नाही. पिता पुत्राला जन्म देतो, पण त्यामुळे देवपणाचे दोन तुकडे होत नाहीत. बापापासून मूल वेगळे होते तसा पुत्र पित्यापासून वेगळा होत नाही. आपल्या मनातला विचार बोलला गेल्यावरही आपल्या मनात राहतो. देवाचा शब्द तर अनादी काळापासून देवातच आहे. योहानाच्या शुभवर्तमानाची सुरुवात आपल्याला हेच शिकवते.

आणि देवाचा शब्द अनादी आहे म्हटल्यावर देव एकच कसा राहतो, या प्रश्नावर मुसलमान पंडितांनीही डोके झिजवले आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये हा मोठा वाद पेटला. कुराण हे देवाचे वचन आहे, मग ते निर्माण केलेले की अनादी? मुअ्तझिली पंथाचे म्हणणे होते की ते अनादी मानले तर देवाबरोबर दुसरे काही अनादी ठरते आणि तौहीदला धक्का लागतो. 833 साली खलिफा मामूनने हे मत अधिकाऱ्यांवर आणि विद्वानांवर लादले. अहमद इब्न हंबल यांनी ते मानायला नकार दिला आणि कैद व मार सोसला. शेवटी सुन्नी परंपरेत त्यांचेच म्हणणे टिकले. देवाचे वचन अनादी आहे आणि तरीही देव एकच आहे. याचा अर्थ मुसलमान त्रैक्य मानतात असा मुळीच नाही. पण शब्द अनादी असूनही देव एकच असू शकतो, हा विचार त्यांना अनोळखी नाही. कुराणात येशूला देवाचा शब्द म्हटले आहे. बोलणे सुरू करायला एवढी जागा पुरेशी आहे.

असे बोलणे पूर्वी झालेले आहे. आठव्या शतकाच्या अखेरीस बगदादमध्ये पूर्वेकडील ख्रिस्तसभेचे प्रमुख तिमथी यांना खलिफा अल-महदीने समोर बसवून प्रश्न विचारले. त्यात त्रैक्याचा प्रश्न होताच. तिमथींनी सूर्य, त्याचा प्रकाश आणि त्याची उष्णता यांचा दाखला दिला. सूर्य एकच, तीन नव्हेत. खलिफाचे समाधान झाले नाही. तिमथींनीही आपली श्रद्धा पातळ केली नाही. शेवटी त्यांनी एक दृष्टान्त सांगितला. अंधाऱ्या घरात माणसे बसली आहेत आणि एक मोती खाली पडला आहे. प्रत्येक जण चाचपडतो आणि हाताला जे लागेल ते घट्ट धरतो. कोणाच्या हाती काच येते, कोणाच्या खडा, एकाच्या हाती मोती, पण प्रत्येकाला वाटते की मोती आपल्याकडेच आहे. उजाडेल तेव्हा कळेल. मोती आपल्याच हाती आहे असा तिमथींचा पूर्ण विश्वास होता. पण तो त्यांनी शेजाऱ्याच्या अंगावर फेकून मारला नाही. त्याच वृत्तीने 1219 साली संत फ्रान्सिस असिसीकर धर्मयुद्धाच्या ऐन धुमाळीत दमिएत्ताजवळ सुलतान अल-कामिलच्या छावणीत शस्त्राविना गेले. सुलतानाने त्यांना मान देऊन सुखरूप परत पाठवले. या भेटीला 800 वर्षे होत असताना, 4 फेब्रुवारी 2019 रोजी पोप फ्रान्सिस आणि अल-अजहरचे प्रमुख इमाम अहमद अल-तय्यिब यांनी अबू धाबीत मानवी बंधुतेच्या दस्तऐवजावर सह्या केल्या.

आपल्यातले काही जण म्हणतील, “कशाला या फंदात पडायचे? मुलांना आपलाच धर्म येत नाही, त्यांचा कुठे शिकवता?” ही काळजी खोटी नाही. पण जे मूल ‘तीन देव’ म्हणून आले ते इस्लाम शिकून नव्हे, आपला धर्म न शिकून आले. प्रश्न शाळेत डबा खाताना विचारला जाणारच. उत्तर आपण द्यायचे की मोबाइलवर फिरणाऱ्या शिवराळ संदेशांनी, एवढाच निर्णय आपल्या हातात आहे. आणि ते संदेश शेजाऱ्याच्या श्रद्धेबद्दल काही शिकवत नाहीत, फक्त त्याचा राग करायला शिकवतात.

दुसरे काही जण म्हणतील, “सगळे एकच आहे हो, नावे वेगळी.” हे ऐकायला गोड आहे, पण दोघांवरही अन्याय करणारे आहे. मुसलमान बांधव येशूला ईसा म्हणून मानतात, त्याचा कुमारी मरियमपासून झालेला जन्म मानतात, कुराणाचा एक पूर्ण अध्याय मरियमच्या नावाचा आहे. पण तो देवाचा पुत्र आहे आणि क्रुसावर मेला, हे ते मानत नाहीत. आपल्यासाठी मात्र सगळे तिथेच आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 28 ऑक्टोबर 1965 रोजी ख्रिस्तेतर धर्मांविषयीच्या घोषणापत्रात या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या. मुसलमान एकाच, जिवंत, दयाळू, सर्वसमर्थ निर्माणकर्त्याची आराधना करतात म्हणून ख्रिस्तसभा त्यांच्याकडे आदराने पाहते, आणि ते येशूला देव मानत नाहीत हेही ती तिथेच सांगते. आदरासाठी फरक पुसावा लागत नाही, आणि फरक सांगताना आदर सोडावा लागत नाही.

मग आम्ही त्या मुलाला काय सांगितले? पुढच्या रविवारी वर्गात फळ्यावर काहीच काढले नाही. मुलांना म्हटले, क्रुसाची खूण करा आणि प्रत्येक शब्द सावकाश म्हणा. मग विचारले, “पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या ‘नावाने’ म्हणतो की ‘नावांनी’?” मुले थबकली. एक मुलगी म्हणाली, “नावाने.” म्हणजे नाव एक. मत्तयच्या शेवटच्या अध्यायात (28:19) प्रभूने बाप्तिस्म्याची आज्ञा दिली तीही एकाच नावाने. मग आम्ही त्यांना मार्कचा बारावा अध्याय वाचायला लावला. सर्वांत मोठी आज्ञा कोणती, असे शास्त्र्याने विचारल्यावर येशूने आधी इस्राएलची जुनी साक्ष सांगितली (अनुवाद 6:4), की प्रभू एकच आहे. त्यानंतर पूर्ण मनाने प्रीती करण्याची आज्ञा आली. येशू स्वतः हे म्हणतो. रविवारच्या मिस्सामध्ये आपण जो विश्वासांगीकार म्हणतो तोही एकाच देवाच्या कबुलीने सुरू होतो.

आणि त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली. लेबनॉन, सिरिया, इजिप्त या देशांतले अरबी बोलणारे ख्रिस्ती लोक देवाला ‘अल्लाह’च म्हणतात, कारण अरबीत देवाला तोच शब्द आहे. शेकडो वर्षे ते मुसलमानांच्या शेजारी राहिले आहेत. तुमचे देव तीन ना, हा प्रश्न त्यांनी आपल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा ऐकला आहे. क्रुसाची खूण करताना पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा म्हटल्यावर ते आमेनच्या आधी दोन शब्द जोडतात, ‘अल-इलाह अल-वाहिद’, म्हणजे ‘एकच देव’. प्रश्नाला त्यांनी प्रार्थनेतच उत्तर ठेवले आहे.

उपासनेचे शब्द बदलण्याचा अधिकार आपल्याला नाही आणि ते बदलावेत असे आमचे म्हणणेही नाही. पण घरी, झोपण्यापूर्वी मुलांसोबत क्रुसाची खूण करताना हे दोन शब्द मनात म्हणायला काय हरकत आहे? पालकांना आमची तीच विनंती आहे. धर्मशिक्षकांना विनंती अशी की दृढीकरणाच्या तयारीत एक पूर्ण रविवार ‘देव एक आहे’ यासाठी ठेवा आणि चित्रे जपून वापरा. शेजारी राहणाऱ्या मुसलमान कुटुंबाने विचारले तर चिडू नका. “नाही हो भाईजान, आमचा देवही एकच आहे. पुत्र म्हणजे काय ते बसून सांगतो, चहा घ्या,” असे म्हणून पाहा. आणि आपल्या भक्तीत त्या एका देवाचे वाटेकरी कोण कोण झाले आहेत, पैसा, प्रतिष्ठा, लोकांची नजर, याची यादी प्रत्येकाने प्रायश्चित्त संस्काराला जाण्यापूर्वी करावी. आमची यादी आम्ही केली. ती वाटली होती त्यापेक्षा लांब निघाली.

तो मुलगा दोन आठवड्यांनी पुन्हा मागे रेंगाळला. त्याने मित्राला सांगितले होते की आमचाही देव एकच. मित्राने विचारले, मग येशू कोण? “काय सांगितलंस?” आम्ही विचारले. “म्हटलं, त्याच देवाचा शब्द, जो आपल्याकडे राहायला आला. तो म्हणाला, हे मला पटत नाही. मी म्हटलं, ठीक आहे. मग आम्ही डबा खाल्ला.”

मतभेद मिटला नाही, तो एवढ्यात मिटणारही नाही. पण आता दोन्ही मुलांना तो नेमका कुठे आहे हे ठाऊक आहे आणि डबा अजून एकत्र आहे. आज संध्याकाळी घंटा आणि अजान पुन्हा एकाच वेळी ऐकू येतील. अजानेत देव एक आहे हे ऐकावे आणि मनापासून होय म्हणावे. मग तोच एक देव आपल्यात वस्तीला आला यासाठी, मरियेबरोबर, त्याचे आभार मानावेत.

हे एकमेव, जिवंत आणि दयाळू देवा, आमच्या अंतःकरणात तुझ्या शेजारी बसवलेले सगळे काढून टाक. आम्हाला तुझे नाव जपून घ्यायला आणि शेजाऱ्याचे नाव आदराने घ्यायला शिकव. आमेन.